जुने तारू, नवे गिऱ्हाईक

मराठीत ‘सांगड’ हा शब्द आज आपण बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरतो. व्यवहाराची परमार्थाशी सांगड घालतो, जुन्याची नव्याशी घालतो. सांगड ही मुळात पाण्यावरची वस्तू आहे, हे मात्र बहुतेकांच्या विस्मरणात गेले. दोन होड्या शेजारी शेजारी उभ्या करून, त्यांवर आडवे वासे टाकून ते दोरखंडाने करकचून बांधले, म्हणजे सांगड तयार होते. गोव्यात हा शब्द अजून ओला आहे. कुंभारजुव्याला चतुर्थीच्या सातव्या दिवशी गणपतीचे विसर्जन ‘सांगोडा’वरून होते. दोन होड्या जोडून त्यांवर मखर उभारतात, देवाला त्यात बसवितात आणि खाडीतून मिरवतात. श्रीशांतादुर्गा कुंभारजुवेकरीण एका संकटकाळी खाडी ओलांडून माशेलाला गेली, तिची आठवण या सोहळ्यात आहे, असे तेथील वृद्ध सांगतात.

इंग्रजीतला ‘कॅटॅमरन’ हा शब्दही परका नव्हे. तमिळ ‘कट्टुमरम्’, म्हणजे बांधलेले लाकूड, याचाच तो अपभ्रंश. चोलमंडलच्या कोळ्यांचे कट्टुमरम् म्हणजे एकत्र बांधलेल्या ओंडक्यांचा तराफा. युरोपियनांनी ते नाव उचलले आणि पुढे दोन कायांच्या प्रत्येक नौकेला देऊन टाकले. १८७६ साली नॅथॅनिएल हेरेशॉफ या अमेरिकन नौकाशिल्पज्ञाने ‘अमॅरिलिस’ नावाची दुहेरी शिडाची नौका न्यूयॉर्कच्या शर्यतीत उतरविली. ती इतकी वेगवान निघाली की इतरांनी तक्रार करून तिला शर्यतीतून बाद करविले. आज त्याच घडणीच्या नौका काचतंतूच्या साच्यांतून निघतात, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्रांत पाच-सहा वर्षे भाड्याने फिरतात आणि मग वापरलेला माल म्हणून जगभर विकल्या जातात. त्यांची लहान भावंडे आपल्या किनाऱ्यावरही आहेत. आमचे भांडण नौकेशी नाही. ती विकताना जो कागद लिहिला जातो, त्याच्याशी आहे.

कोणी विचारील, कोहिनूरच्या वकिलाला समुद्राची उठाठेव कशाला? प्रश्न रास्त आहे. आमचे गाव बसवकल्याण तालुक्यातले. येथून समुद्र शेकडो मैल दूर. पाणी म्हणजे विहिरीचे, तलावाचे, आणि देवाने मनावर घेतले तर पावसाचे. परंतु ज्या भागातून माणसे पोट भरायला बाहेर पडतात, त्या भागाचा संबंध जगातल्या प्रत्येक धंद्याशी येतो. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतली कितीतरी माणसे गोव्यात राबतात. त्यांपैकीच एक आमचा पक्षकार. बारा वर्षे त्याने तेथे आधी बांधकामावर आणि नंतर पर्यटकांच्या बोटीवर काम केले. पोहायला शिकला, शीड चढवायला शिकला. दोन भागीदार मिळाल्यावर त्याने गावची दीड एकर जमीन विकली आणि तिघांनी मिळून एक जुनी शिडाची जोडनौका विकत घेतली. कागद एका पानाचा होता. त्यात एक वाक्य ठळक होते: नौका ‘जशी आहे तशी, जेथे आहे तेथे’ विकली आहे, आणि यापुढे विकणाऱ्यावर कोणत्याही प्रकारची जबाबदारी राहणार नाही.

दीड महिन्याने त्याच्या हाती एक नोटीस आली. नौकेच्या आधीच्या मालकाने दोन खलाशांचा सात महिन्यांचा पगार थकविला होता, आणि त्या खलाशांनी आता नौकेवरच हक्क सांगितला होता. आमचा पक्षकार नोटीस घेऊन गावी आला आणि म्हणाला, “वकीलसाहेब, मी यांना कधी कामावर ठेवलेच नाही, मग माझ्या बोटीवर यांचा हक्क कसा?” शेताचा व्यवहार आयुष्यात चार वेळा पाहिलेल्या माणसाला पडावा असाच हा प्रश्न आहे. शेत घ्यायचे तर तो पहाणी काढतो, दुय्यम निबंधकाकडून बोज्याचा दाखला काढतो, चतुःसीमेवरच्या शेजाऱ्यांना विचारतो. वापरलेली मोटार घेताना नोंदणीपुस्तकात सावकाराचे नाव आहे की नाही, ते पाहतो. नौका घेताना त्याने काय पाहावे? त्याने रंग पाहिला, शीड पाहिले, इंजिन सुरू करून पाहिले. खलाशाच्या पगाराचा बोजा त्याला कोठे दिसणार होता?

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. सागरी दाव्यांसंबंधीचा २०१७ चा कायदा १ एप्रिल २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या नवव्या कलमाने पाच प्रकारच्या देण्यांना नौकेवर धारणाधिकार दिला आहे. त्यांत पहिला मान खलाशी आणि अधिकारी यांच्या पगाराचा. त्याखाली जीवितहानी व इजा यांची भरपाई, नौका वाचविणाऱ्यांचा मोबदला, बंदराची देणी, आणि नौकेने इतरांच्या मालमत्तेचे केलेले नुकसान. मालक बदलला, नोंदणी बदलली, ध्वज बदलला तरी हा अधिकार नौकेला चिकटून राहतो. साधारण मुदत एक वर्षाची. खलाशाच्या पगाराला दोन वर्षांची. या अधिकाराची कोठेही नोंद करावी लागत नाही. तो कोणत्याही वहीत नसतो, कोणत्याही दाखल्यावर उमटत नाही. सावलीसारखा तो नौकेबरोबर फिरतो आणि सूर्य ढगाआड असेपर्यंत दिसत नाही.

येथे आमची भूमिका प्रथमच स्पष्ट केलेली बरी, नाहीतर आम्ही मालकांचे वकील आहोत असा कोणाचा तरी समज व्हायचा. खलाशाचा हा हक्क न्याय्य आहे. त्याचा मालक उद्या कोठे असेल, त्याचे नाव तरी खरे असेल की नाही, हे खलाशाला ठाऊक नसते. त्याच्या डोळ्यांसमोर असते ती एकच वस्तू, नौका. तीवरचा हात त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे गरिबाच्या घामावर मालकी बदलून पाणी सोडणे. आमच्या पक्षकाराला आम्ही हेच सांगितले, आणि तोही बारा वर्षे मजुरी केलेला माणूस असल्यामुळे त्याला ते पटले. आमचा राग त्या हक्कावर नाही. तो हक्क दडलेला राहतो, दडलेला आहे हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते, आणि तरीही तो एका वाक्यात हात झटकून मोकळा होतो, यावर आमचा राग आहे.

याच कायद्यातली एक गंमत येथे सांगितलीच पाहिजे. उच्च न्यायालयाने जप्त करून लिलावात विकलेली नौका घेणाऱ्याकडे सर्व बोज्यांतून मुक्त होऊन येते. आठव्या कलमात तसे स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे कर्जात बुडालेली, कोर्टाने साखळदंड घातलेली नौका घ्या, ती निष्कलंक. चारचौघांत मान असलेल्या गृहस्थाकडून चहा पिऊन, हस्तांदोलन करून घ्या, तिच्यामागे किती भुते लागली असतील याचा नेम नाही. सभ्य माणसाशी केलेला व्यवहार दिवाळखोराच्या लिलावाहून जोखमीचा ठरावा, अशी ही स्थिती आहे.

आता ‘जशी आहे तशी’ या वाक्याकडे वळू. आमच्या भागात बैलांचा बाजार पाहिलेला कोणीही मनुष्य हे वाक्य ऐकून हसेल. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला आमच्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जातात. तेथे बैल घेणारा प्रथम तोंड उघडून दात पाहतो; आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला, ते ठरवितो. मग खूर पाहतो, भोवरे पाहतो, वशिंडावर हात फिरवितो आणि बैलाला चालवून पाहतो. दलाल उपरण्याखाली दोघांची बोटे धरून भाव जुळवितो. आजूबाजूच्या शंभर डोळ्यांना तो भाव कळत नाही. भाव गुप्त, परंतु खोड गुप्त नाही. विकणाऱ्याला उघड विचारले जाते, “बसका नाही ना? मारका नाही ना? औताला वागतो ना?” तो जे उत्तर देतो, त्याला चारजण साक्षी असतात. इसार घेतल्यावर बैल दुसऱ्या दिवशी औताला जुंपताच खाली बसला, तर परत नेऊन बांधण्याचा रिवाज आहे. कुरबुर होते, पंचाईत बसते, पण “मी जसा होता तसा दिला” असे म्हणणाऱ्याला पुढल्या यात्रेत कोणी दावणीजवळ उभे करीत नाही. लिहिता न येणाऱ्या माणसांनी चालविलेला हा बाजार. लिहिता येणाऱ्यांनी चालविलेल्या नौकांच्या बाजारापेक्षा तो आम्हाला अधिक सुसंस्कृत वाटतो.

बाजारातला तो प्रश्न कायद्याच्या दृष्टीने किती मोलाचा आहे, हे बहुधा त्या शेतकऱ्यांनाही माहीत नसेल. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे सतरावे कलम कपटाची व्याख्या करते. त्याखाली दृष्टांत दिले आहेत, आणि योगायोगाने ते घोड्याच्या विक्रीचे आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही विकणारा लिलावात काही बोलला नाही, तर ते कपट नव्हे. मौन हा गुन्हा नाही. घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. आणि घेणारा म्हणाला की तुम्ही नाही म्हटले नाहीत तर मी घोडा निर्दोष समजेन, आणि त्यावर विकणारा गप्प बसला, तर त्याचे मौन हेच बोलणे ठरते. दीडशे वर्षे हा दृष्टांत पुस्तकात पडून आहे. जुनी नौका घेणाऱ्या प्रत्येकाने तो एका कागदावर उतरवावा, विकणाऱ्याच्या हाती द्यावा आणि पोच घ्यावी: खलाशांचे देणे नाही, अपघाताचा दावा नाही, बंदराची थकबाकी नाही, तळाला दुरुस्ती झालेली नाही, आपण नाकारले नाहीत तर मी हे सत्य मानून किंमत देतो. एवढ्या चार ओळींना वकील लागत नाही. (आमच्या व्यवसायबंधूंना हे वाक्य आवडणार नाही, त्याला आमचा इलाज नाही.)

१९३० चा माल-विक्रीचा कायदाही गिऱ्हाइकाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. विकलेल्या मालावर न सांगितलेला बोजा नाही, अशी हमी चौदाव्या कलमाने प्रत्येक विक्रीत गृहीत धरली आहे. पण ती ‘हमी’ आहे, ‘शर्त’ नव्हे. शर्त मोडली तर माल परत करता येतो. हमी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागता येते, तीही अशा माणसाकडे, जो नौका विकून कोठे गेला हे पोस्टमनलाही माहीत नसते. गुणवत्तेबद्दल सोळावे कलम सांगते की, घेणाऱ्याने आपले डोळे वापरावेत. त्याला अपवाद आहेत. पण मुख्य अपवाद त्या मालाचा धंदाच करणाऱ्या विक्रेत्यासाठी आहेत. स्वतःची एक जुनी नौका विकणारा गृहस्थ त्यांत सापडत नाही. शिवाय बासष्टाव्या कलमाने या सगळ्या गृहीत हमी करारात लिहून रद्द करण्याची मुभा ठेवली आहे. ‘जशी आहे तशी’ हे वाक्य तेथून आत शिरते. हे वाक्य लिहिणारे दलाल कायदा मोडीत नाहीत. कायद्याने उघडे ठेवलेल्या दारातूनच ते जातात, आणि ते दार बंद करा असे आमचे म्हणणे आहे.

यावर ठरलेले उत्तर येते, की ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हे व्यापाराचे सनातन तत्त्व आहे. सनातन शब्द आमच्यापुढे वापरताना जरा जपून वापरावा. कोहिनूरपासून जवळच, आमच्याच तालुक्याच्या गावी, ज्याला पूर्वी कल्याण म्हणत, तेथे सहाव्या विक्रमादित्य चालुक्याच्या काळी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली. आम्ही वकील ती वारसाहक्कापुरती उघडतो आणि मिटवितो. तिच्यातील व्यवहाराध्याय पुढे वाचला असता, तर दिसले असते की खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा करून घेण्यासाठी तेथे वस्तुपरत्वे मुदती घातल्या आहेत. लोखंडाला एक दिवस, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नाला सात, बियाण्याला दहा. त्या यादीत माणसांच्या विक्रीलाही मुदत आहे, आणि तिच्याबद्दल आम्हाला मान खालीच घातली पाहिजे. जुन्या ग्रंथांतले सगळेच डोक्यावर घेण्यासारखे नसते. परंतु मूळ तत्त्व पाहा. बैलाचा दोष उभ्या बैलात दिसत नाही, चालत्या बैलात दिसतो. म्हणून पाच दिवस. शास्त्रकाराने घेणाऱ्याला सावध राहायला सांगितले, पण सावध राहण्यासाठी वेळही दिला. त्याच प्रकरणांत परक्याचा माल विकण्याचा विचार आहे, आणि एकान्तात, अवेळी, फार थोड्या किमतीला वस्तू घेणाऱ्यालाही तेथे चोराच्या पंक्तीला बसविले आहे. म्हणजे जबाबदारी दोन्ही बाजूंची. ती एकट्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधणारे तत्त्व इंग्रजी बाजारातून आले. त्याला सनातन म्हणणे हा इतिहासाचा अपमान आहे.

आणि जोडनौकेच्या बाबतीत वेळ न देता डोळे वापरा म्हणणे, ही तर चेष्टाच आहे. साध्या नौकेचा जीव तिच्या कण्यात असतो. सांगडीचा जीव बांधणीत असतो. वाऱ्याच्या झोताने एकेरी नौका कलते आणि कलल्यामुळे जोर सोडून देते. जोडनौका कलत नाही. सगळा जोर तिच्या दोन कायांना जोडणाऱ्या तुळयांवर, आतल्या आडभिंतींवर आणि डोलकाठीच्या बुंध्यावर येतो. लाट आली की एक काया वर उचलली जाते त्याच क्षणी दुसरी खाली जात असते. पिळलेल्या कपड्यासारखा तो सांधा पिळतो. वर्षानुवर्षे हे चालले की आडभिंतीला केसासारखी चीर पडते. ती रंगाच्या एका हाताने झाकता येते. काचतंतूच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड किंवा फेस भरलेला असतो. एखाद्या खिळ्याच्या भोकातून त्यात पाणी शिरले की गाभा कुजतो, आणि वरचा थर मात्र आरशासारखा लखलखत राहतो. जाणता परीक्षक लहानशा हातोडीने इंचाइंचावर ठोकत जातो. निरोगी जागी खणखणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी नासक्या नारळासारखा बद्द. डोलकाठी तोलणाऱ्या पोलादी तारा साधारण दहा वर्षांनी बदलतात, कारण त्या तुटण्यापूर्वी बाहेरून काही सांगत नाहीत. त्यासाठी नौका पाण्याबाहेर काढावी लागते, एक दिवस वाऱ्यात चालवावी लागते. परदेशात मोठ्या जोडनौकेचा सौदा अशा परीक्षणाच्या अटीवरच होतो. इसार तिसऱ्याच्या हाती राहतो आणि अहवाल वाईट आला तर परत मिळतो. आमच्या किनाऱ्यावर परीक्षक आणतो म्हटले की दलाल म्हणतो, “विश्वास नसेल तर घेऊ नका, दुसरे गिऱ्हाईक उभे आहे.” दुसरे गिऱ्हाईक नेहमीच उभे असते. आम्ही त्याला अजून पाहिलेले नाही.

आमच्या पक्षकाराच्या नौकेत ती चीर निघाली. पगाराच्या नोटिशीचा एक फायदा झाला म्हणायचा. नौका काठावर बांधून ठेवावी लागली, आणि रिकाम्या वेळी एका सुताराने आतली फळी काढून पाहिली. पर्यटकांचा हंगाम सुरू होऊन वीस माणसे वर चढली असती, आणि मग ती चीर समुद्रात सापडली असती, तर? जोडनौका सहसा उलटत नाही, हे खरे. उलटली तर आपोआप सरळही होत नाही, हेही तितकेच खरे.

ज्यांना हे वकिली भयगंडाचे बोलणे वाटते, त्यांनी केरळातील तानूर आठवावे. ७ मे २०२३ च्या संध्याकाळी तेथे पूरपुऴ नदीच्या मुखाशी पर्यटकांची दुमजली बोट उलटली आणि २२ माणसे मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. ती बोट मुळात प्रवाशांसाठी बांधलेलीच नव्हती. मासेमारीची बोट फेरफार करून प्रवासी बोट बनविली होती, आणि तीत माणसे बेसुमार भरली होती. जुन्या नौकेच्या विक्रीत आणि रूपांतरात काय पणाला लागलेले असते, ते त्या संध्याकाळी दिसले. पैसा बुडाला तर वकील आहेत. माणूस बुडाला तर वकिलाचा काय उपयोग?

कायदे नाहीत असे नाही. ते एकमेकांना ओळखत नाहीत. १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्यात नोंदलेल्या नौकेचे दहा हिस्से कल्पून प्रत्येकाची मालकी वहीत लिहिण्याची व्यवस्था केली होती. पण केवळ किनाऱ्यालगत फिरणाऱ्या, पंधरा टनांच्या आतल्या नौकांना त्या नोंदणीतून वगळले होते. म्हणजे ज्या नौका गरिबांच्या हाती असतात, त्याच मालकीच्या त्या वहीबाहेर. २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. अंतर्देशीय नौकांचा १९१७ चा कायदा जाऊन २०२१ चा आला, आणि नोंदणीची माहिती एका मध्यवर्ती भांडारात ठेवण्याची तरतूद त्यात झाली. मासेमारीच्या नौकांची नोंद आणखी निराळ्या खात्यात. एवढ्या वह्या असूनही त्यांतील एकीतही, या नौकेवर खलाशाचा पगार थकला आहे, अशी ओळ सापडत नाही. ती ओळ लिहायची सोय करणे अवघड नाही. नौका हस्तांतरित करण्याचा अर्ज आला की गेल्या दोन वर्षांत कामावर असलेल्या खलाशांची यादी आणि त्यांच्या सहीची पावती मागावी. ती नसेल तर नाव बदलू नये. आणि प्रवासी वाहणाऱ्या नौकेच्या विक्रीत ‘जशी आहे तशी’ हे कलम लिहिले असले तरी ते निरर्थक समजावे. लहान धंदा याने मरेल म्हणतात. गोव्यात २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या, तेव्हा मांडवी-जुवारीच्या काठी बार्जी रिकाम्या उभ्या राहिल्या. ज्यांनी मंदीतही आपल्या माणसांचे पगार चुकविले ते, आणि ज्यांनी नाही चुकविले ते, दोघेही बाजारात एकाच रांगेत उभे राहतात. चोख माणसाला त्याच्या चोखपणाची किंमत मिळत नाही. पावतीची अट आली तर मरेल तो बुडव्याचा धंदा, आणि तो मेला तर आम्ही सुतकही पाळणार नाही.

शेवटी, या मासिकाच्या वाचकांशी अधिक निकटचा विषय. आपल्या कित्येक देवस्थानांना पाण्यावरचे उत्सव आहेत. कुंभारजुव्याचा सांगोड आहे, साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत नौका सोडतात. पूर्वी गावातल्या होडीवाल्यांच्या होड्या त्या दिवसापुरत्या बांधल्या जात. आता समित्यांना कायमची नौका हवीशी वाटते, आणि नवीपेक्षा जुनी स्वस्त पडते. गेल्या वर्षी गोव्यातील एका देवस्थानच्या समितीतील स्नेह्यांनी आम्हाला असाच एक करार पाहायला पाठविला. पर्यटकांसाठी वापरलेली जोडनौका. विकणारे स्वतः त्याच देवाचे महाजन, आणि कागदात तेच आमचे जुने ओळखीचे वाक्य.

आम्ही स्नेह्यांना लिहिले की, तुमचा पैसा तुमचा नाही. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने मलिक घराण्याच्या खटल्यात देवता ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे आणि तिचे हित स्वतंत्रपणे पाहिले पाहिजे, हे तत्त्व मांडले. आपली न्यायालये देवाला अज्ञान बालकासारखा मानतात. त्याच्या वतीने व्यवहार करणारे ते त्याचे पालक. गोव्यातील महाजनांची कर्तव्ये तर १९३३ च्या देवस्थान-नियमावलीपासून लेखी बांधलेली आहेत. पालकाने बालकाच्या पैशाने न तपासलेली नौका घेऊ नये, हे सांगायला कायदेपंडित नको. पण विकणारा महाजनही येथे परका नाही. करार-कायद्याच्या त्या दृष्टांतातली मुलगी नुकतीच सज्ञान झालेली आहे, म्हणून बापाला बोलावे लागते. देव तर कधीच सज्ञान होत नाही. त्याच्या सेवेकऱ्याने त्यालाच नौका विकताना गप्प बसावे, आणि त्या मौनाला करारातले एक वाक्य ढाल म्हणून पुरावे, हे कोणत्या न्यायात बसते? या मुद्द्यावर न्यायालयाचा निवाडा आमच्या हाती नाही; तो मागण्याची वेळ आली तर आम्ही विनाशुल्क उभे राहू, असेही आम्ही कळविले.

समितीने आमच्या सांगण्यावरून विकणाऱ्या गृहस्थांना चार ओळींचे पत्र पाठविले: खलाशांचे देणे आहे काय, अपघात झाला होता काय, सांध्यांची दुरुस्ती झाली होती काय, आणि नौका पाण्याबाहेर काढून पाच दिवस तपासू द्याल काय. आपण नाकारले नाहीत तर नौका निर्दोष समजू, हेही खाली लिहिले. पत्राची पोच मिळाली. उत्तर आले नाही. दलालाचा मात्र फोन आला, की मालकांचा विक्रीचा विचार बदलला आहे. चतुर्थीनंतर गावातल्याच दोन होड्या भाड्याने आणून समितीने सांगोड बांधला. आमच्या पक्षकाराने खलाशांचा पगार हप्त्यांनी फेडला. तुळई बदलून घेतली. आणि आता त्याला ती नौका विकायची आहे. कागद आमच्याकडूनच करून घ्यायचा म्हणतो. पगाराच्या पावत्या आणि सुताराचे बिल त्याने फायलीत लावून ठेवले आहे; फुटलेल्या तुळईचा तुकडासुद्धा गोणपाटात गुंडाळून आमच्या कचेरीत आणून ठेवला आहे, गिऱ्हाइकाला दाखवायला.